शेवंतीला कळी धरण्यापासून फूल तोडण्यापर्यंत: सोलापूरच्या टेरेसवर काय, कधी आणि कसं करायचं

ऑगस्ट संपत आला की शेवंती लावणाऱ्या सगळ्यांचा एकच प्रश्न चालू होतो, झाड हिरवंगार झालंय, गुडघ्याला लागलंय, मग कळी का धरत नाही? आणि मग जो तो खताच्या दुकानात पळतो, फुलांचं टॉनिक आणतो, कुणी केळीच्या सालीचं पाणी घालतं, कुणी अजून काय. मला मनापासून वाटतं की या सगळ्यात शेवंतीची मूळ गरज बाजूला राहते आणि ती गरज म्हणजे अंधार. लांब, सलग, न तुटलेली रात्र. ती मिळाली तर साध्या शेणखतावर पण झाड लगडतं आणि ती नाही मिळाली तर महागातलं महाग खत घालून फक्त पानंच वाढतात.

हा लेख लागवडीबद्दल कमी आणि फुलोऱ्याच्या काळाबद्दल जास्त आहे, म्हणजे साधारण ऑगस्ट ते जानेवारी. सोलापूरचं ऊन, सोलापूरचं बोअरचं पाणी आणि इथला सप्टेंबरचा पाऊस धरून लिहिलंय. कुंडीत लावणाऱ्यांसाठी मुख्यतः, पण दारात दोन वाफे असतील तरी चालेल.

रात्रीचं गणित

शेवंती हे लहान दिवसाचं झाड आहे असं पुस्तकात असतं. दिवस लहान व्हायला लागले की ती फुलायला लागते. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड या दोघांनी तंबाखूवर प्रयोग करून दाखवलं की काही झाडं दिवसाची लांबी बघून फुलतात, आणि पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका तणाच्या झाडावर प्रयोग करून दाखवलं की अशी झाडं खरं तर दिवस मोजतच नाहीत, रात्र मोजतात. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ जरी लाईट लावला तरी झाड ती रात्र धरत नाही, त्याच्या हिशेबी त्या दोन छोट्या रात्री होतात. हे मोजायचं काम पानं करतात, कळी नाही. म्हणून फुलोऱ्याच्या आधी पानं निरोगी असणं आणि त्या पानांवर रात्री उजेड न पडणं या दोन्ही गोष्टी लागतात.

आता सोलापूरचं बघू. आपण साधारण साडेसतरा अक्षांशाच्या जरा वर आहोत. २१ जूनला आपला सगळ्यात मोठा दिवस १३ तास १० मिनिटांच्या आसपास असतो, डिसेंबरमधला सगळ्यात लहान दिवस ११ तास ५ मिनिटांच्या आसपास. म्हणजे वर्षभरात फरक दोनच तासांचा. दिल्लीत जूनचा दिवस १४ तासांच्या जवळ जातो. हे का सांगतेय, तर व्हिडिओ बघून शेवंती करणारे खूप जण उत्तर भारतातलं वेळापत्रक जसंच्या तसं उचलतात आणि ते इथं बसत नाही. तिकडं दिवस झपझप लहान होतो, थंडी पण लवकर पडते, त्यामुळे झाडाला स्पष्ट इशारा मिळतो. आपल्याकडं हा बदल हळू होतो, ऑगस्टच्या शेवटी दिवस साडेबारा तासांच्या जरा वर असतो, ऑक्टोबरच्या मध्यावर पावणेबारा. फरक कमी म्हणून त्यात थोडीशी जरी ढवळाढवळ झाली तरी झाड गोंधळतं.

ढवळाढवळ म्हणजे रस्त्यावरचा दिवा. जुळे सोलापूर असो, विजापूर रोड असो नाहीतर जुन्या पेठेतली गल्ली असो, आता सगळीकडं पांढरे एलईडी दिवे लागलेत आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीत त्यांचा थेट झोत येतो. आमच्या ओळखीच्या एका काकांच्या आठ-दहा कुंड्या एका लायनीत होत्या, ते म्हणायचे, "दर आठवड्याला खत घालूलालोय की ओ, अर्ध्या कुंड्यांना कळीच धरेना झालीय." संध्याकाळी जाऊन बघितलं तर ज्या कुंड्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत होत्या त्यांना कळ्या होत्या आणि ज्यांच्यावर रस्त्याचा दिवा पडत होता त्या नुसत्या वाढत होत्या. एकाच झाडाची दिव्याकडची बाजू हिरवी आणि पलीकडची बाजू कळ्यांनी भरलेली, असं पण बघायला मिळतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. रात्री दहाला तुमचे घरातले लाईट बंद करून कुंडीपाशी बसा आणि पेपर उघडा. बातमीची बारीक अक्षरं वाचता येत असतील तर ती जागा शेवंतीसाठी उजेडाची आहे. फक्त मथळे अंधुक दिसत असतील तर बऱ्यापैकी चालतं, काहीच दिसत नसेल तर उत्तम. चांदण्याची काळजी करू नका, पौर्णिमेचा उजेड फारच कमी असतो, त्यानं काही बिघडत नाही.

जागा उजेडाची निघाली तर काय? कुंडी हलवता येत असेल तर हलवा, हा सगळ्यात चांगला उपाय. टाकीच्या मागं, जिन्याच्या खोलीच्या आडोशाला, कठड्याच्या आतल्या बाजूला खाली. पण दिवसा तिथं पाच-सहा तास ऊन मिळालं पाहिजे हे बघा, नाहीतर अंधार मिळाला आणि ऊन गेलं असं होतं. हलवता येत नसेल तर कठड्यावर दिव्याच्या बाजूला जाड काळं कापड किंवा जुनी सतरंजी पडद्यासारखी बांधा, सगळं झाड झाकायची गरज नसते, झोत अडवला तरी पुरतं. आणि टेरेसवरचा स्वतःचा ट्यूबलाईट. वाळत घातलेले कपडे काढायला कधीतरी रात्री अकराला पाच मिनिटं लावला तर आभाळ कोसळत नाही, पण रोज रात्री जेवण झाल्यावर गप्पांसाठी तास-तास चालू ठेवलात तर कळी नक्की लांबते. सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत तरी एवढं पाळा. कळ्यांना रंग दिसायला लागला की मग एवढं कडक राहायची गरज नाही.

फुलं कधी पाहिजेत त्यावरून शेंडा कधी खुडायचा

जून-जुलैत लावलेली रोपं असतील असं धरून चालते. रोप लावल्यावर साधारण चार आठवड्यांनी पहिला शेंडा खुडायचा, म्हणजे वरचा कोवळा अर्धा ते एक इंच भाग नखानं काढायचा. मग बाजूनं फांद्या फुटतात. त्या फांद्यांना पाच-सहा पानं झाली की दुसऱ्यांदा. प्रत्येक खुडणीनं फांद्या वाढतात आणि फुलं पण, पण फुलायला उशीर पण होतो.

शेवटची खुडणी ही खरी महत्त्वाची. जातीनुसार शेवंतीला लांब रात्री सुरू झाल्यापासून फूल उमलायला आठ ते बारा आठवडे लागतात. आपल्याकडं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चांगली फुलं पाहिजे असतील तर २० ऑगस्टच्या आसपास शेवटचा शेंडा खुडा आणि नंतर हात लावू नका. गणपती झाल्यावर "झाड फार उंच झालंय" म्हणून खूप जण कात्री लावतात, तिथंच घोळ होतो, कारण त्या शेंड्यात तोपर्यंत बारीक कळी तयार व्हायला लागलेली असते, डोळ्याला दिसत नाही एवढंच.

एक विचित्र गोष्ट कधीकधी दिसते. जुलैतच फांदीच्या टोकाला एकच एक कळी येते, तिच्याखालची पानं नेहमीसारखी कातरलेली नसून लांबट, पट्टीसारखी असतात. लोक खूश होतात. ती अवेळी आलेली कळी असते, झाड जुनं असलं, पाण्याचा ताण बसला की येते, ती धड उमलत नाही आणि फांदीची वाढ अडवून ठेवते. खालच्या दोन-तीन पानांसकट काढून टाका.

आता ज्यांना गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या संक्रांतीच्या यात्रेला, फुलं पाहिजेत त्यांच्यासाठी. संक्रांतीच्या आसपास सिद्धरामेश्वरांची यात्रा असते, अक्षता सोहळा असतो, नंदीध्वज निघतात, त्या वेळी घरची शेवंती असावी असं मला दरवर्षी वाटतं. पण आपली शेवंती डिसेंबरातच संपत येते. इथं तोच लाईट उलटा कामाला येतो. ऑगस्टच्या सुरुवातीपासून रोज रात्री १० ते २ या वेळेत झाडांच्या वर तीन फुटांवर ९ वॅटचा पिवळसर एलईडी बल्ब लावायचा, टायमरचा सॉकेट घेतला की रोज उठायला नको. एका बल्बखाली चार-पाच कुंड्या बसतात. पॉलिहाऊसवाले हेच करतात, पानांवर साधारण १०० लक्स उजेड पडेल असं बघतात. या लाईटखाली झाड फुलत नाही, नुसतं वाढतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शेवटचा शेंडा खुडायचा, फांद्या तीन-चार आठवडे वाढू द्यायच्या आणि २० ऑक्टोबरच्या आसपास बल्ब कायमचा बंद करायचा. मग दहा-अकरा आठवड्यांची जात असेल तर जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फुलं हातात. बल्ब बंद केल्यावर मात्र त्या जागेला पूर्ण अंधार लागतो हे विसरू नका.

उलट, दसऱ्यालाच फुलं पाहिजेत म्हणून संध्याकाळी ६ ते सकाळी ८ काळं कापड झाकायची पण पद्धत आहे. कापड रोज, एकही दिवस न चुकवता, कळ्यांना रंग येईपर्यंत. मी टेरेसवर हे करा असं सांगणार नाही. ऑगस्टमध्ये आपल्याकडं संध्याकाळी सहाला पण स्लॅब तापलेला असतो, कापडाखाली उकडतं आणि उष्णतेनं कळी उलटी लांबते. त्यापेक्षा लवकर फुलणारी जात शोधलेली बरी.

सप्टेंबरचा पाऊस आणि ऑक्टोबरचं ऊन

सोलापूरला पाऊस कमी हे खरं पण जो पडतो त्यातला सगळ्यात जास्त सप्टेंबरमध्ये पडतो आणि नेमका तोच शेवंतीचा कळी धरायचा महिना. दिवसभर कोरडं आणि संध्याकाळी तासाभरात कुंडी भरून वाहायला लागेल एवढा पाऊस, असं चार दिवस झालं की मुळं सडायला लागतात. शेवंतीची मुळं उथळ आणि बारीक असतात, पाणी साचलेलं तिला दोन दिवस पण चालत नाही. झाड दुपारी मान टाकतं, आपण म्हणतो पाणी कमी पडलं आणि अजून पाणी घालतो, तिथं खेळ संपतो.

म्हणून ऑगस्टच्या शेवटी एकदा प्रत्येक कुंडी उचलून खालचं भोक मोकळं आहे का बघा, मुळं बाहेर आली असतील तर काडीनं वाट करा, कुंडीखाली दोन फरशीचे तुकडे ठेवा म्हणजे पाणी निघून जाईल. आपली काळी माती नुसती वापरली असेल तर ती ओली असताना चिकटते आणि वाळली की तडकते, कुंडीत ती तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. बाकी शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट, थोडी वाळू. पण हे सगळं लावतानाच करायचं, कळी धरताना कुंडी बदलायला जाऊ नका. मोठा पाऊस येणार असं दिसलं तर कुंडी तिरकी करून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पाणी घालायचं कधी? बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, खाली ओल लागली तर आज नको. घालाल तेव्हा सकाळी, मुळाशी, आणि खालून थोडं बाहेर येईपर्यंत. संध्याकाळी पानांवर पाईपनं फवारा मारायची सवय असेल तर सोडून द्या, रात्रभर ओली राहिलेली पानं म्हणजे ठिपक्यांच्या रोगाला आमंत्रण.

नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळे झाडांना बोअरचं पाणी जातं आणि आपल्या भागातलं बोअरचं पाणी क्षाराचं. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसतात ना, तेच मातीत पण साचतं. मग पानांच्या कडा करपतात, नवीन पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता, माती चुनखडीची आणि पाणी जड म्हणून मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. दोन गोष्टी करा. एक, तीन आठवड्यांतून एकदा साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं पाणी कुंडीच्या आकाराच्या दुप्पट ओतून क्षार धुवून काढा. पावसाळ्यात पत्र्याखाली दोन पिंपं भरून ठेवली तर हे सहज जमतं. दुसरं, चिलेटेड फेरस, म्हणजे असल्या मातीत पण झाडाला घेता येतं असं लोह, पाकिटावरच्या प्रमाणानं द्या. साधं फेरस सल्फेट असल्या मातीत घातलं की लवकर वाया जातं.

ऑक्टोबर हीटमध्ये पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कुंड्या सरकवा. कळी धरायला आणि वाढायला रात्र १५ ते १८ अंशांची असली तर उत्तम, आपल्याकडं अशा रात्री नोव्हेंबरातच येतात, ऑक्टोबरात स्लॅब आणि भिंत रात्री पण उष्णता सोडत राहते. दुपारी दोननंतर सावली येईल अशी जागा मिळाली तर कळ्या आठवडाभर तरी लवकर पुढं सरकतात असं मला वाटतं. तापलेल्या स्लॅबवर थेट कुंडी नको, विटेवर ठेवा.

खत: कमी आणि वेळेवर

नत्र लागतं ते पहिल्या दीड-दोन महिन्यांत. तेव्हा आठवड्याला १९:१९:१९ (पाकिटावरचे हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) एक लिटर पाण्याला १ ग्रॅम पुरे. आपल्याकडं घाण्यावर शेंगदाण्याची पेंड ताजी मिळते, ती १०० ग्रॅम दोन लिटर पाण्यात तीन दिवस भिजवून दहापट पाणी मिसळून दिली तर शेवंती झकास वाढते. पण ही पेंड नत्राची आहे, सात टक्क्यांच्या आसपास नत्र असतं, म्हणून कळी दिसली की ती बंद. खूप जण उलट करतात, कळ्या दिसल्या की आनंदानं पेंड वाढवतात, मग देठ लुसलुशीत होतो, मावा येतो, फुलं ढिली पडतात.

टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी कळी दिसली की एकदा ००:५२:३४ लिटरला १ ग्रॅम, त्यानंतर दहा-बारा दिवसांच्या अंतरानं १३:००:४५ तेवढ्याच प्रमाणात दोन-तीन वेळा. बस. कळीला रंग दिसला की खत पूर्ण बंद, नुसतं पाणी. "फुलासाठी फॉस्फरस" म्हणून सारखं स्फुरद ओतू नका, आपल्या चुनखडीच्या मातीत जास्तीचं स्फुरद लोहाला अजून अडकवतं आणि पानं परत पिवळी. कॅल्शियम नायट्रेट देणार असाल तर ते वेगळ्या दिवशी, स्फुरदाच्या किंवा सल्फेटच्या खतात मिसळलं की खाली साका बसतो. आणि कोरड्या कुंडीत खताचं पाणी कधीच नको, आधी साधं पाणी, मग खत.

कळ्या काढायच्या, हो, मुद्दाम

हे सांगितलं की लोकांच्या जिवावर येतं. तुमची जात मोठ्या फुलाची असेल, म्हणजे एकेका देठाला तळहाताएवढं फूल, तर प्रत्येक फांदीला टोकाची एकच कळी ठेवायची आणि बाजूच्या सगळ्या काढायच्या. सकाळी करा, तेव्हा देठ भरलेले आणि कडक असतात, कळी अंगठ्यानं नुसती बाजूला ढकलली की टक्कन निघते. दुपारी देठ मऊ पडलेले असतात, ओढताना साल निघते. बाजूच्या कळ्या ज्वारीच्या दाण्याच्या वर गेल्या की काढायला सुरुवात करायची, फार बारीक असताना नख लागून मुख्य कळीच जाते. टोकाच्या कळीला अळीनं खाल्लं असेल किंवा ती वाकडी असेल तर तिच्या खालची चांगली कळी ठेवा, काही फरक पडत नाही.

राजा, झिप्री, सोनाली तारा असल्या हाराच्या, पूजेच्या जाती असतील तर हे करायचं नाही. तिथं उलट. फांदीच्या मधली पहिली कळी सगळ्यात आधी फुलते आणि बाकीच्या मागं राहतात, ती एक मधली कळी काढली की उरलेल्या सगळ्या एकदम, एका उंचीवर फुलतात. टेरेसवरच्या दोन-चार झाडांसाठी हे नक्की करून बघा, झाडाचा सगळा गुच्छ एका वेळी उघडतो.

आधार पण याच वेळी. फुलांचं वजन येण्याआधी प्रत्येक कुंडीत तीन बांबूच्या काड्या कडेला रोवून बाहेरून सुतळी फिरवा. फांदी बांधायला मला यंत्रमागाच्या कारखान्यातलं वाया गेलेलं सुती सूत सगळ्यात आवडतं, मऊ असतं, देठाला कापत नाही आणि सोलापुरात ते कुणाकडं ना कुणाकडं मिळतंच. गाठ काडीला घट्ट आणि देठाभोवती सैल.

मावा, फुलकिडे, लाल कोळी

कळीच्या काळात रोज सकाळी चहाचा कप घेऊन झाडापाशी जा आणि एक फांदी उलटी करून बघा. कळीच्या खाली, जिथं देठ कळीला चिकटतो त्या बारीक गळ्यात काळपट-तपकिरी मावा गोळा झालेला असतो, इतका दाटीनं की आधी वाटतं देठच जाड झालाय. खालच्या पानांवर चिकट, चकचकीत थेंब आणि देठावरून वर-खाली पळणाऱ्या मुंग्या दिसल्या की मावा आहेच असं धरा. थोडा असेल तर बोटांनी पुसून काढा नाहीतर पाण्याच्या जोरदार झोतानं, सकाळी. ठिपक्यांचे लाल ढालकिडे किंवा त्यांच्या काळ्या, मगरीसारख्या अळ्या दिसल्या तर फवारणी थांबवा, त्या दोन-तीन दिवसांत मावा संपवतात. नाहीच आवरला तर १०,००० पीपीएमचं कडुनिंबाचं तेल लिटरला २ मिली, थोडा साबणाचा द्राव, संध्याकाळी ऊन गेल्यावर. उमललेल्या फुलांवर तेल नको, पाकळ्या डागाळतात.

फुलकिडे डोळ्याला पटकन दिसत नाहीत. अर्धवट उमललेलं फूल पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळट रेघा पळताना दिसल्या तर तेच. त्यांच्यामुळं पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात, कळी वाकडी उघडते. निळे चिकट सापळे झाडाच्या उंचीवर लावा, कळी बंद असतानाच निंबोळीची फवारणी करा, उघडल्यावर फारसा उपयोग नाही.

लाल कोळी ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात येतो, पानावर पिवळे टिपके आणि खाली बारीक जाळी. पानांच्या खालच्या बाजूनं सकाळी दोन-तीन दिवस पाणी मारा. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं पण ३२ अंशांच्या वर पारा असताना नको, पानं भाजतात, आणि निंबाचं तेल मारल्यावर दोन आठवडे तरी गंधक मारू नका.

पानांवर खालून वर चढत जाणारे काळपट ठिपके हा बुरशीचा रोग, पाऊस जास्त झाला की येतो. खालची लागलेली पानं काढून कचऱ्यात टाका, कुंडीत पडू देऊ नका, आणि कुंड्यांमध्ये वीतभर तरी अंतर ठेवा. पसरायला लागला तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम, हातमोजे आणि मास्क लावून, आणि ती फुलं खाण्याच्या पदार्थावर सजवायला वापरायची नाहीत.

तोडणी आणि पुढं

हारासाठी, देवासाठी पूर्ण उमललेलं फूल सकाळी दव सुकल्यावर तोडा. फुलदाणीत ठेवायचं असेल तर बाहेरच्या पाकळ्या पूर्ण उघडल्या आणि मधलं अजून घट्ट आहे अशा वेळी लांब देठासकट कापा, खालच्या जून लाकडासारख्या भागाच्या वर कापलं तर देठ पाणी ओढतो, पाण्यात बुडणारी पानं काढा, दोन दिवसांनी पाणी बदला. आठ-दहा दिवस सहज टिकतं, डिसेंबरात त्याहून जास्त. सुकलेली फुलं झाडावर ठेवू नका, ती काढत राहिलं की खालच्या कळ्या पण नीट उघडतात.

नर्सरीतून डिसेंबरात फुललेली बुटकी, गोल शेवंती आणली असेल तर एक लक्षात घ्या, ती बऱ्याचदा वाढ रोखणारं औषध मारून बुटकी ठेवलेली असते. पुढच्या वर्षी ती दीड-दोन फूट जाईल, झाडात काही बिघडलेलं नसतं. तिला तुमच्या बाकीच्या झाडांसारखंच खुडत राहा.

बहर संपला की झाड जमिनीपासून १०-१५ सेंटीमीटरवर कापा. बुंध्यातून नवीन फुटवे येतील, तेच पुढच्या वर्षीचं बेणं. खरी परीक्षा एप्रिल-मे ची, सोलापुरात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा हे फुटवे उघड्या टेरेसवर टिकत नाहीत. पूर्वेच्या भिंतीला, सकाळचं ऊन मिळेल आणि दहानंतर सावली येईल तिथं न्या, वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, मातीवर उसाच्या पाचटाचा दोन-तीन इंचांचा थर, आपल्या जिल्ह्यात पाचटाला काही तोटा नाही. खत अजिबात नको, ओल फक्त राखायची. जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की मुळं असलेले फुटवे वेगळे करून एकेक आठ ते दहा इंची कुंडीत लावा.

आणि झाड कापायच्या आधी, फुलं अजून झाडावर असतानाच, प्रत्येक कुंडीत पट्टी खोचून त्यावर रंग, फुलाचा आकार आणि पहिलं फूल कुठल्या आठवड्यात उमललं ते लिहून ठेवा, मार्करनं नको, उन्हात महिन्याभरात पुसतो, शिसपेन्सिलीनं लिहा. मे महिन्यात सगळे फुटवे सारखेच दिसतात आणि उमलायचा आठवडा लिहिलेला असेल तरच ठरवता येतं की कुठलं झाड दिवाळीसाठी ठेवायचं आणि कुठलं गड्ड्यासाठी बल्बखाली न्यायचं.